तेवीस बुंधे

माधव सुतारचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होई. उजवा खांदा गरम टॉवेलनं शेकल्याशिवाय हात वर जात नसे. बावीस वर्षांपूर्वी तो मिरजेहून तोक्योतल्या एका भारतीय हॉटेलचं लाकूडकाम करायला आला. काम संपलं, तो राहिला. आता तोक्योजवळच्या इचिकावातल्या एका कारखान्यात चित्रं आणि मूर्ती पाठवायच्या पेट्या बनवायचा. वय एकोणसाठ.

बायको दमयंती अंगणाकडचा पडदा ओढूनच ठेवी. दोन हजार अकराच्या भूकंपात त्या अंगणातून जमिनीखालची राखाडी वाळू पाण्यासकट उसळून वर आली होती. माधवनं वीतभर उपसली, घाई केली आणि उरलेल्या वाळूतच मेथी पेरली. ती बोटभर आली, पिवळी पडली. तेव्हापासून दमयंतीनं जमिनीत काही लावलं नाही. कोथिंबीरसुद्धा कुंडीत, आणि कुंडी चाकांच्या फळीवर.

"पळायची वेळ आली तर ढकलत नेता येईल," ती म्हणे. हसत नसे.

साडेतीन वर्षं झाली. आता तिनं मिरजेचा धोशा लावला होता. "अहो, जिथं मेथी येत नाही तिथं म्हातारपण काढायचं?" मिरजेत कुणी उरलं नव्हतं.

त्या ऑक्टोबरात त्सुकुबा शहरातल्या एका संग्रहालयात अमेरिकेतून निसर्गचित्रं आली, एकोणिसाव्या शतकातली. पेट्या उघडायला माधव गेला. या कामाचा नियम असा, की आलेली पेटी चोवीस तास उघडायची नाही. आतल्या लाकडाला, रंगाला नव्या हवेची सवय होऊ द्यायची. घाई केली की रंगाला भेग.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून सगळ्यात मोठं चित्र बाहेर काढलं. दरी, नदी, सोनेरी आभाळ. खाली कोपऱ्यात तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि कुऱ्हाड घेतलेला अंगठ्याएवढा माणूस. माधव तिथंच उभा राहिला. संग्रहालयात काम करणारी पुण्याची मेधा जवळ आली.

"काका, आवडलं?"

"मोजतोय. तेवीस बुंधे आहेत."

"माणूस मुद्दाम लहान काढलाय. निसर्गापुढं तो क्षुल्लक, असं चित्रकाराला म्हणायचंय."

"क्षुल्लक? एकेका झाडाला दीड दिवस धर. महिन्याच्या वर राबलाय गडी. आणि लावलं एकही नाही."

"तेव्हा त्यांना वाटायचं, जंगल संपणारच नाही."

माधवची नजर बुंध्यांवरून उघड्या पेटीकडे गेली. इतकी वर्षं पेट्या केल्या, त्यात किती झाडं गेली हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. लावलेलं मात्र लगेच मोजून झालं. पिवळी मेथी.

घरी आल्यावर जेवताना त्यानं दमयंतीला सगळं सांगितलं, पेटीच्या नियमासकट.

"पेटीला एक दिवस," ती म्हणाली. "आणि माणसाला?"

"आपल्याला साडेतीन वर्षं पुरली नाहीत."

"मला पुरली असती. तुम्ही वीतभर उपसून थांबलात."

ते खरं होतं. पुढच्या रविवारपासून माधव खणू लागला. वीतभर नाही, कमरेपर्यंत. खांदा रोज भांडायचा. कामावरून आल्यावर अर्धा तास, रविवारी पूर्ण दिवस. पाच आठवड्यांनी वाळू संपून काळी ओली माती लागली. त्या दिवशी दमयंतीनं पडदा थोडा सरकवला आणि चहा बाहेर आणून दिला.

खड्डा भरायला रोपवाटिकेतून मागवलेल्या मातीचा ट्रक गल्लीत शिरला नाही. माती कोपऱ्यावर ओतून गेला. माधवनं ती पाटीनं आणली, अठ्ठ्याऐंशी खेपा. शेवटच्या वीस डाव्या खांद्यावर.

मातीबरोबर पर्सिमॉनचं, म्हणजे इथल्या केशरी फळाच्या झाडाचं, हातभर रोप आलं होतं. रोपवाटिकेच्या म्हाताऱ्यानं बजावलं होतं, याला फळ धरायला आठ वर्षं लागतात.

"आठ?" दमयंतीनं रोप हातात घेतलं. "म्हणजे तोवर इथंच का?"

"तुला काय वाटतं?"

तिनं पदर खोचला, खड्ड्याशी बसली आणि मुळांवरचं गोणपाट सोडवू लागली. "कोथिंबीर पलीकडं पेरू, याच्या सावलीत नको," एवढंच म्हणाली.

माधव पायरीवर टेकला. त्या चित्रांच्या कामाचा सगळा पगार ट्रकभर माती आणि हातभर काडीत गेला होता.