सामच्या चुलीपुढची केमिस्ट्री

व्हिएतनाममधल्या दोंग हा शहरातल्या आमच्या गल्लीत आता पहाटे कोंबडासुद्धा आरवत नाही. सगळीकडे सिमेंट झालं. लोक पोरांना मोटारसायकलवर मागे बसवतात, हातात पाव कोंबतात आणि क्लासला सोडून येतात. मला मात्र अजून पहाटे जाग येते आणि मी पडल्या पडल्या समोरच्या ओट्याकडे कान लावते. त्या एका वर्षी तिथून रोज सामचा खणखणीत आवाज यायचा, "ए, बी, सी, की डी?" तेव्हा झोपमोड झाली म्हणून मी शिव्या घालायचे. आता तोच आवाज परत यावा म्हणून जीव तळमळतो.

साम माझी शेजारीण. मी लोकांचे कपडे शिवणारी, ती मरळ माशाच्या रश्शात तांदळाच्या जाड शेवया घालून विकणारी. तिचा नवरा ट्रक चालवायचा. मुलगी थोआ तिसरीत असताना तो घाटात अपघातात गेला, तेव्हापासून घरात या दोघीच. साम अंगानं वाळकी आणि जिभेनं तिखट. कुणी रस्सा पातळ झाला म्हटलं, की म्हणायची, "मग चावून खा, घट्ट लागेल." तरी गिऱ्हाईक हलत नसे, कारण तिच्या हाताला चव होती.

थोआ हुशार निघाली. हुएच्या कॉलेजात औषधशास्त्राला जायचं म्हणत होती. पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत अर्ध्या गुणानं हुकली. गल्लीत सगळे म्हणाले, नशीब. पण प्रश्नपत्रिका घरी आणता येते, आणि थोआनं तिच्यावर आपल्या पहिल्या उत्तरांना खुणा करून ठेवल्या होत्या. वर्तमानपत्रात बरोबर उत्तरं छापून आल्यावर ती ताडून पाहत बसली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. केमिस्ट्रीच्या चार प्रश्नांना तिनं आधी बरोबर गोल काळा केला होता. मग शेवटच्या दहा मिनिटांत शंका खायला लागली, म्हणून रबरानं तो खोडून शेजारचा काळा केला.

"अक्कल आहे, पण अकलेवर भरवसा नाही," साम म्हणाली. "असल्या अकलेचं काय लोणचं घालायचं?"

थोआनं तेव्हाच सांगून टाकलं, की आणखी एकदाच बसेन. नाही झालं तर गपचूप ओट्यावर बसून शेवया विकेन. हे ऐकून सामनं डाव आपटला. "या चुलीपुढे मी भाजले तेवढं पुरे झालं. तू भाजायची नाहीस." तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत वाफेचे डाग होते. ते तिनं पोरीपुढे धरले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पहाटे थोआ पीठ लाटून शेवया कापायची, हात पिठात. साम प्रश्नांचं पुस्तक माशाच्या सॉसच्या बाटलीला टेकवून वाचायची. मागची उत्तरांची पानं तिनं फाडून घेतली होती आणि ती तिच्या खिशात असायची.

"लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात ठेवला," ती अक्षर अक्षर लावत वाचायची. "थोड्या वेळानं खिळ्याचं वजन. ए, वाढेल. बी, कमी होईल. सी, तेवढंच राहील. डी, सांगता येत नाही. घ्या, हे तर मीच सांगते, डी!"

"ए," थोआ म्हणाली.

"नक्की?"

सुरी थांबली. "लोखंड विरघळतं ना... मग बी?"

"मला काय विचारतेस? मी चौथीत शाळा सोडली."

"पण मोरचुदातलं तांबं वर चढतं... म्हणजे सारखंच. सी. हो, सी."

"ए होतं गं गाढवे! पहिलंच बरोबर होतं!"

ओट्यावर लुआन बसलेला असायचा, मोटारसायकलवरून लोकांना स्टँडवर सोडणारा. तो वाडगा तोंडाला लावून हसला. "एका खिळ्यासाठी पोरगी तीन घरं फिरून आली."

सामचं औषध साधं होतं. उत्तर बरोबर असो की चूक, तिचा चेहरा तोच आणि "नक्की?" हा शब्दही तोच. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. थोडे दिवस गेले आणि गिऱ्हाइकांनाही नाद लागला. थोआ कुणाला वाडगा द्यायला गेली, की तो विचारायचा, "हा माझाच? नक्की?" लुआन तर तिचं नाव विचारून "नक्की?" म्हणायचा. मीही मागे नव्हते. ब्लाउजचं माप घेताना टेप धरून तेच विचारलं, तेव्हा पोरगी माझ्यावर डोळे वटारून निघून गेली.

एकदा मात्र ती रडत माझ्या दुकानात आली आणि कपड्यांच्या ढिगावर बसली. "दिएपमावशी, आई मुद्दाम छळते. मला येतं, तरी तिनं विचारलं की सगळं डोक्यातून उडतं."

"मुद्दाम करतेच ती," मी म्हणाले. "परीक्षेत तुझी तूच स्वतःला विचारणार आहेस. त्यापेक्षा तिनं विचारलेलं बरं."

नाक पुसून ती परत गेली. हळूहळू फरक पडला. आधी ती थांबायची, ओठ चावायची, पण उत्तर सोडायची नाही. एप्रिल उजाडेपर्यंत तर आईलाच सुनवायला लागली.

"कोणता धातू पातळ आम्लातून हायड्रोजन काढत नाही? जस्त, लोखंड, तांबं, मॅग्नेशियम."

"सी. तांबं."

"नक्की?"

"आई, रस्सा उतू चाललाय."

त्या दिवशी साम इतकी हसली, की तिला ठसका लागला. पण परीक्षा जवळ आली तशी ती जास्तच कडक झाली. एकेका प्रश्नाला तीन तीनदा विचारायची, आवाज चढवून, डोळ्यात डोळे घालून. मला ते बघवत नव्हतं. मी तिला म्हटलंही, "बास कर आता, पिकलं फळ किती दाबशील?" तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

जुलैत हुएला मी गेले थोआबरोबर. साम म्हणाली, ओटा कोण बघणार? जायच्या सकाळी तिनं परीक्षेच्या रिवाजाप्रमाणे पोरीला लाल चवळीची खीर खाऊ घातली आणि लगेच पाठ फिरवून मासे साफ करायला बसली. कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली आम्ही बायका पंख्यानं वारा घेत बसलो. केमिस्ट्रीचा पेपर सुटला तशी थोआ गर्दीतून वाट काढत आली आणि मला घट्ट धरलं. "मावशी, रबर बाहेर काढलंच नाही!"

निकाल लागला, तिला जागा मिळाली. इंटरनेटच्या दुकानातून ती ओरडतच पळत आली आणि सगळी गल्ली ओट्यावर गोळा झाली. सामनं सगळ्यांना फुकट शेवया वाढल्या, लुआनला दोन वाडगे. "जास्त दात काढू नकोस, रस्सा सांडेल," असंही त्याला सुनावलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी तिला म्हणाले, "आता नवऱ्याचे आभार तरी मान." परीक्षेच्या महिन्यात इथल्या आया, पोरं पास व्हावीत म्हणून, घरच्या पितरांना नुसत्या भंडावून सोडतात. सामनं उदबत्ती पेटवली आणि ती नवऱ्याच्या फोटोपुढे उभी राहिली.

"पोरगी पास झाली," ती फोटोला म्हणाली. "हुएला चालली. यात तुमचा काही हात नाही. मी तुमच्याकडे हे मागितलंच नव्हतं."

मला हसू आलं. "अगं, एकदासुद्धा नाही?"

"नाही." तिनं फोटोच्या काचेवरची राख बोटानं पुसली. "रोज उदबत्ती लावायचे आणि मुकाट उभी राहायचे. शिकवणं माझ्या हातात होतं, ते केलं. मागायला मात्र तोंड उघडेना, दिएप. मागितलं असतं आणि यांनी ऐकलं असतं, तर ती मला सोडून गेली असती ना."

मी काहीतरी बोलणार होते. आतल्या खोलीत थोआ बॅग भरता भरता गुणगुणत होती. सामनं माझ्या तोंडावर हात ठेवला.