बावन्न अंगठे, कागद एक

"एकच?" मी फोनवर ओरडलेच. "साहेब, बावन्न अंगठे आहेत त्या कागदावर! मी स्वतः मोजलेत."

"अंगठे बावन्न, पण कागद एकच ना मॅडम," साहेब म्हणाले. "पोर्टल कागद मोजतं."

माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! साहेब म्हणजे आमचे बालविकास प्रकल्प अधिकारी. मी त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षिका. पेडगावच्या बाजूच्या अंगणवाड्या माझ्याकडे. त्या वर्षी सरकारनं एक समिती नेमली होती. लेकरं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, अपंग, यांना मिळणाऱ्या सेवा कशा सुधारायच्या हे लोकांनाच विचारायचं, असं ठरलेलं. लोकांनी लेखी म्हणणं द्यायचं, आम्ही ते पोर्टलवर चढवायचं. एका विषयावर तालुक्यातून पंचवीस अर्ज आले तर समिती परभणीत बसून त्या विषयाची सुनावणी घेणार. कमी आले तर कागद फायलीत जाणार. आणि मुदत संपायला दोन दिवस राहिले होते.

आता बघा, आमच्याकडं वरून खाली परिपत्रकं येतात. खालून वर काही म्हणता काही जात नाही. त्यामुळं समितीचं हे पत्र आलं तेव्हा मला इतका हुरूप आला होता की मी गाडी काढून आधी मेंढपाळांची वस्ती गाठली होती. तिथल्या लोकांना अंगणवाडी कधी धड लाभलीच नाही. त्यांनी एका कागदावर मागणी लिहून खाली बावन्न अंगठे उठवून दिले. मीही खुशीत तो कागद घेऊन आले. पत्रासोबत आलेल्या फॉर्मच्या मागची, माणशी एक फॉर्म ही बारीक अक्षरातली सूचना वाचली नाही. चूक सगळी माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी वस्तीवर हजर. सोबत तिथली अंगणवाडी सेविका सुमनताई. वस्तीतले जाणते मारुतीबापू लिंबाखाली बसले होते.

"कामून परत आलाव म्याडम? कागूद हरवला का काय?"

"हरवला नाही बापू. पण प्रत्येकानं वेगळा फॉर्म भरायचाय."

बापूंनी मानच हलवली. "न्हाई जमायचं. बैठक झाली, ठरलं, अंगठे उठले. आता एकेकानं येगळं बोलायचं म्हंजे बैठकीतून फुटल्यावानी व्हतंय. पोरीबाळींची लग्नं हायेत आमच्यात. कोण फुटंल?"

हा त्यांचा रिवाज. बैठकीत भांडा, तंडा, पण एकदा ठरलं की सगळ्यांचं तोंड एक. त्या एका तोंडानंच ते आजवर टिकलेत, हे मला कळत होतं. पण पोर्टलला कोण सांगणार? मी तासभर समजावलं. बापू ढिम्म. शेवटी बेजार होऊन मी फॉर्म हातात घेतला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. दोन मोठे रकाने होते. एक, 'तुमच्या घरात काय घडलं?' दुसरा, 'मागणी'. पहिला मी कुणाला विचारलाच नव्हता!

"बापू, मागणी बैठकीचीच ठेवू," मी म्हणाले. "पण कुणाच्या घरात काय झालं, हे बैठकीत ठरतं का?"

बापूंनी डोळे बारीक केले, मग हसले. "न्हाई बा. ते ज्याचं त्यालाच ठावं."

"मग तेवढंच सांगू द्या."

बापूंनी मान डोलावली. मागं उभ्या बायांमधून एक तरणी बाई पुढं आली. रुक्मिण तिचं नाव. कडेवर दोन वर्षांची पोर, अंगात नुसती हाडं.

"म्या सांगू का? दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन सेलूकडं जातो, ते मिरगालाच परत. गेल्या साली तितल्या अंगणवाडीत गेले तर ताई म्हनली, तुजं नाव हितं न्हाई. आन हितं तर आमी गेलो म्हनून नाव काटलं. म्या दोन्हीकडं नव्हते म्याडम. लेकीला लय जुलाब लागले. दवाखान्यातल्या बाईनं वजन केलं तर मलाच रागं भरली, लेकराला उपाशी ठेवती व्हय म्हनून. आता पुन्ना जायचंय. आन पोटात दुसरं हाय."

सुमनताईनं खाली मान घातली. गाव सोडून गेलेल्यांचं नाव रजिस्टरातून कमी करायचं, समोर 'स्थलांतरित' असा शेरा मारायचा, हा नियमच. मी तिच्या हातातून रजिस्टर घेतलं. रुक्मिणच्या पोरीचं नाव आडव्या रेघेनं खोडलेलं. शेऱ्याखाली सही माझी. माझी मलाच लाज वाटली.

मग मी कागदावरची बैठकीची मागणी मोठ्यानं वाचली. 'वस्तीवर अंगणवाडीची पक्की इमारत बांधून मिळावी.'

रुक्मिणला हसूच फुटलं. "इमारतीचं काय करू? इमारत घोड्यावर घालून नेता येतीय व्हय?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बापू मात्र हसले नाहीत. मला वाटलं, झालं, आता चिडले. पण ते उठले आणि धोतर झटकून म्हणाले, "मंग मागणीच चुकली की! बसा समदे. बाया बी बसा. पुन्ना बैठक घेऊ."

काय ती बैठक! पहिल्यांदाच बाया बोलत होत्या आणि पुरुष ऐकत होते. अर्ध्या तासात नवी मागणी ठरली. 'माणूस जिथं जाईल तिथं त्याचं नाव गेलं पाहिजे.' मी आनंदानं टाळीच वाजवली. मग मी आणि सुमनताई एकेका घराचं ऐकत लिहीत सुटलो. कुणाच्या लेकराची लसीची तारीख हुकलेली, कुणाची गरोदरपणातली तपासणीच राहिलेली. बोटं आखडली, चहा निवून गेला. एकतीस फॉर्म झाले! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सगळे पोर्टलवर चढले तेव्हा साहेबांनी स्वतः पेढे मागवले.

दसऱ्याच्या आधी परभणीत सुनावणी झाली. समितीच्या अध्यक्षा एक वयस्कर बाई होत्या. बापूंचं नाव पुकारलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी न्हाई. आमच्याकडून ही बोलंल."

रुक्मिण उठली. एका अधिकाऱ्यानं सवयीनं विचारलं, "आधी कायमचा पत्ता सांगा."

"दिवाळीपत्तूर वस्तीवरला. मंग मेंढरं बसतील त्या वावरातला."

अध्यक्षाबाईंनी पेन उचललं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. रुक्मिणचं सगळं ऐकून त्या आमच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडं वळल्या. "बाहेर जाणाऱ्या मायलेकरांना कार्ड द्यायचं, ते दाखवलं की कुठल्याही अंगणवाडीनं आहार द्यायचा. हे करायला माझा अहवाल लागतो का?"

"नाही मॅडम. जिल्ह्याच्या पातळीवर करता येईल."

"मग वाट कशाची बघताय?"

माझ्या शेजारी बसलेले साहेब पुटपुटले, "मॅडम, उद्यापासून कार्डं लिहायला घ्या." उद्यापासून कशाला? मी त्याच दुपारी बसले.

दिवाळी झाली, वस्ती रिकामी झाली. एके दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सेलूकडची एक सेविका होती.

"म्याडम, एक बाई आलीय. नाव माझ्या रजिस्टरात न्हाई. पण हातात तुमच्या सहीचं कार्ड हाय. काय करू?"

मी खुर्चीतून ताडकन उठले. "आधी लेकराला खायला दे! रजिस्टर नंतर उघड."

पलीकडं तिनं कुणाला तरी "बस माय, बस" म्हटलेलं मला ऐकू आलं. मग भांड्याचा आवाज झाला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकले. काय पाहिजे, हे विचारत फिरलात तर लोक इमारत मागतात. आधी तुमच्या घरात काय झालं ते विचारावं, आणि त्याच्याही आधी फॉर्म वाचावा.