एका ब्युरेटचं इंजिन

हेमाताई खासनीस आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. उभा जन्म त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. सोसायटीच्या सभेत टाकीतल्या पाण्याबद्दल कोणी ‘साधारण’ म्हणालं, की त्या ‘साधारण म्हणजे किती?’ असं विचारतात आणि सभा लांबते. अशा बाईने आयुष्यात एकच गोष्ट न मोजता मान्य केली, ती म्हणजे धाकट्या भावाचा शब्द.

वडील गेल्यावर सौमित्रने हक्कसोडीचा कागद पुढे केला. बहिणीने सही करायची आणि भावाने साडी द्यायची, ही आपल्याकडची वाटणी. मला या प्रकाराची चीड आहे, आणि मी ती तेव्हाही बोलून दाखवली होती. हेमाताईंनी सही केली. म्हणाल्या, “घर तुझं, सगळं तुझं. फक्त बाबांची गाडी विकू नकोस.” सौमित्रने मान डोलावली.

गाडी म्हणजे लाल रंगाची, दोन सीटची, विलायती स्पोर्ट्स कार. खडकीच्या कारखान्यात फोरमन असलेल्या वडिलांनी ती भंगारातून उचलली आणि हाताने उभी केली. जास्त ताकद मिळावी म्हणून त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे पिस्टनवरचं झाकण, घासून घेतलं होतं. पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. सगळी हवा त्या जागेत किती पट दाबली जाते, तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. हेड घासलं की ती जागा कमी होते आणि आकडा वाढतो. ती जागा मोजायला शाळकरी हेमाने तेव्हा ब्युरेट, म्हणजे खुणांची, तोटी असलेली पन्नास सीसीची काचनळी, धरली होती. हेड उलटं ठेवायचं, त्यातल्या खळग्यावर भोक पाडलेली काच बसवायची आणि ब्युरेटमधून थेंब थेंब रॉकेल सोडायचं. खळगा भरला तरी ब्युरेटमध्ये थोडं उरलं होतं. हेडखालच्या गास्केटची, म्हणजे पातळ पॅकिंगची, जाडी आणि पिस्टनवरची फट धरून पन्नास सीसी. पिस्टन सरकतो त्या जागेचे साडेचारशे अधिक हे पन्नास, भागिले पन्नास. दहा! वडिलांनी तिला उचलून घेतलं होतं, हे त्या आजही सांगतात.

दर भाऊबीजेला सौमित्र त्यांना त्या गाडीतून खडकीपर्यंत चक्कर मारून आणायचा. हेमाताई डोळे मिटून बसायच्या.

यंदा दसऱ्यानंतर गाडीचं गास्केट गेलं. “हडपसरला गॅरेजमध्ये टाकलीय, नुसतं गास्केट बदलायचंय,” असं सौमित्र फोनवर बोलून गेला आणि हिंजवडीला आपल्या ऑफिसात जाऊन बसला. हेमाताईंना वाटलं, हेड उघडलंच आहे तर बाबांसारखं मोजू या, सौमित्रला गंमत वाटेल. त्यांनी तीच ब्युरेट काढली, रॉकेल आता कुठे मिळतंय, म्हणून रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन घेतलं आणि मला म्हणाल्या, “श्यामराव, स्कूटर काढा.”

गॅरेजवाला उत्तरेश्वर खूशच झाला. “बरं झालं मॅडम. गास्केट दोन जाडीचे येत्यात. रेशो कळला तर योग्य ते बसवता यील.”

“रेशो दहा आहे,” हेमाताई म्हणाल्या. “तरी मोजू.”

हेड उलटं ठेवलं. त्यांनी कडेला ग्रीस लावून काच दाबली आणि ब्युरेटची तोटी उघडली. चेहरा असा फुलला होता की मलाच बरं वाटलं. टर्पेंटाइन उतरत गेलं. ब्युरेट रिकामी झाली. खळगा भरला नव्हता.

त्यांनी काच काढली, पुसली, पुन्हा बसवली, दुसरा खळगा घेतला. पुन्हा तेच. मग तिसरा. मुलांनी प्रयोगाची वाचनं ओढूनताणून जुळवली की वही फेकणाऱ्या या बाई, आज एक तरी वाचन चुकावं म्हणून धडपडत होत्या. ब्युरेट पुन्हा भरून मोजलं, तर चारही खळगे सारखेच निघाले.

“रेशो आठ,” त्या शेवटी म्हणाल्या. “घासलेल्या हेडची जागा वाढत नाही हो, श्यामराव. हे हेड बाबांचं नाही.”

सौमित्रला फोन गेला. तो संध्याकाळी आला, ब्युरेट पाहिली आणि समजला.

“ताई, तुझ्या मोजण्यात काहीतरी—”

“चार वेळा मोजलंय.”

तो गाडीला टेकून उभा राहिला. “एका शौकिनाला बाबांचं इंजिनच हवं होतं. अख्खं दिलं. त्याच्या जागी दुसरं साधं बसवलं. त्याला झाली आता बरीच वर्षं. पण गाडी विकू नको म्हणाली होतीस, गाडी विकली का मी? ही काय, उभी आहे!”

वकिलाला लाजवेल असं उत्तर. मी तोंड उघडणार होतो, पण हेमाताईंनी हात वर केला.

“दर भाऊबीजेला मी तुला म्हणायचे, सौमित्र, अगदी बाबांच्या वेळचा आवाज आहे. आणि तू काय म्हणायचास?”

सौमित्रने बॉनेटवरची धूळ बोटाने पुसली.

“हो ताई म्हणायचास. एकदाही गप्प राहिला नाहीस. विकलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. मला का रे फसवत राहिलास?”

उत्तरेश्वरने हळूच विचारलं, “मग गास्केट कोनतं लावू?” “आठला चालेल ते,” त्या म्हणाल्या आणि ब्युरेट धुवायला नळाकडे गेल्या. तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहून रडल्या.

भाऊबीजेला सौमित्र आला. हेमाताईंनी त्याला ओवाळलं, जेवू घातलं, मला आणि माझ्या बायकोलाही बोलावलं होतं. जेवण झाल्यावर तो किल्ली हातात घेऊन घुटमळला. “ताई, चक्कर?”

“तू जा,” त्या म्हणाल्या. “मला आवरायचंय.”

तो एकटाच खाली गेला. गाडी सुरू झाली, फाटकाबाहेर पडली, वळणावर तिने वेग घेतला. हेमाताई ताटं उचलता उचलता थांबल्या होत्या.

“आवाज चांगलाय हो, श्यामराव,” त्या म्हणाल्या. “कोणाच्या इंजिनाचा आहे, देव जाणे.”