पाठमोरी चोवीस घरं

साइटवर मार्किंग चालू होतं. चुन्याची रेघ पायवाटेवर आली आणि सुशीलाअक्का तिथंच आडवी उभी राहिली. शेजारच्या वस्तीतली, अंगणवाडीत काम करणारी बाई.

"साहेब, हितून आमची लेकरं शाळंला जायलीत. रेघ कामून मारायलाव?"

"कंपाउंड वॉल येणार आहे, अक्का."

मी आर्किटेक्ट. बीदरच्या बाहेर, कोळारच्या रस्त्याला चोवीस रो-हाऊसेसचं काम माझ्याकडे होतं. रो-हाऊस म्हणजे भिंतीला भिंत लावून ओळीनं बांधलेली घरं. शेजारी जुनी बौद्ध वस्ती. जांभ्या दगडाची बैठी घरं, प्रत्येकाला गल्लीकडे ओटा. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये नव्या घरांनाही तसेच ओटे होते, दारं वस्तीकडे होती आणि पायवाट मधून जात होती.

बिल्डरनं ते पाहिलं. "छान आहे सर. पण गिऱ्हाइकानं दार उघडून बघायचं काय? निळे झेंडे?"

मी हसलो.

भालकीकडच्या माझ्या गावात आमच्या घरावर तोच झेंडा आहे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून. बिल्डरला ते ठाऊक नव्हतं आणि माझ्या आडनावावरून कळतही नाही. मी गप्प बसलो आणि कागदावर घरांची तोंडं फिरवली. संडास-बाथरूमचे पाइप ज्या अरुंद पोकळीतून खाली येतात तिला डक्ट म्हणतात. चोवीसच्या चोवीस डक्ट वस्तीकडे गेल्या. पायवाट गेली, भिंत आली. प्लॅन पहिल्या फेरीत मंजूर झाला. नियमात कुठंच चूक नव्हती.

अक्कानं माझ्या हातातलं ड्रॉइंग मागून घेतलं. "हे बारके चौकोन कशाचे?"

"बाथरूम."

"समदे आमच्याकडं?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"गाव कोणतं तुमचं?"

सांगितलं.

"माझं माहेर की ते! कुणाच्या घरचे?"

"माणिकअप्पांचा नातू."

"विहाराला दगडं वाहिली त्या माणिकअप्पाचा?"

"व्हय."

तिनं ड्रॉइंगची घडी घालून माझ्या हातात दिली. "मंग तुमाला म्या काय सांगू?" म्हणाली आणि निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तसाच बिल्डरच्या ऑफिसात गेलो. आधी मी कोण ते सांगितलं.

तो चपापला. "अहो सर, आधी बोलायचं ना!"

"आधी बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "घरं परत फिरवू या."

"आता? बुकिंग झालंय. ब्रोशर दाखवून घरं विकलीत." बराच वेळ वाद झाला. शेवटी तो म्हणाला, "घरांच्या मागून वाट देतो. सहा फूट. घरांना हात लावायचा नाही."

मी सहा फूट घेतले.

आज तिथं लोक राहतात. वस्तीतली लेकरं त्या बोळातून शाळेला जातात. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला माझे पाइप. अक्का मला बाजारात दिसते. "बरे हाव का?" एवढं विचारते. त्या घरांचं काही बोलत नाही. मीही विषय काढत नाही.

लाज वाटायची असेल तर ड्रॉइंग कागदावर असतानाच वाटावी. स्लॅब टाकल्यावर तिचा कुणालाच उपयोग नसतो.