न वाजवलेलं मडकं

सन अठ्ठेचाळीस. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो अन् आबा ऐंशीच्या पुढे. किती पुढे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "वय कामून इचारतो रे? मला काय बैलबाजारात उभा करायचा हाय?"

"मी हाय, मी." कुणाच्याही दारात गेले की आबा उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे अन् हे म्हणायचे. चावडीतही तेच अन् देवळातही तेच, घंटेला हात लावायच्या आधी. ही सवय त्यांना मधमाशांनी लावलेली. मधाच्या मडक्याचं झाकण काढण्याआधी ते तोंड जवळ नेऊन हळूच सांगायचे, "मी हाय, मी." न सांगता हात घातला तर माशी बिथरते, अन् माणूसबी बिथरतो, असं त्यांचं म्हणणं.

मी जातीनं कुंभार. आमच्या वेळी निजामाचं राज्य, शाळा उर्दूत होती. तिथं मी दोन वर्षं मार खाल्ला अन् घरी येऊन चाकावर बसलो. मराठी अक्षरं मागून माझी मीच गिरवली. या लिहिण्यात चुका सापडतील. सापडल्या तर सापडू द्या. माझ्या हातचं मडकं कधी गळलं नाही, एवढं सांगतो.

आबा पोटापुरती जमीन कसायचे, पण त्यांचा जीव परसातल्या भिंतीत. त्या भिंतीत त्यांनी माझ्या बापाच्या अन् पुढं माझ्या हातची मडकी आडवी बसवली होती. मडक्याच्या बुडाला करंगळी जाईल एवढं भोक, ते भिंतीबाहेर. तिथून माशा जायच्या-यायच्या. मडक्याचं तोंड आतल्या अंगाला, त्याला झाकण लावून शेणमातीनं लिंपलेलं. मध काढायचा तर आतून झाकण काढायचं, कडेची दोन पोळी कापायची, मधली ठेवायची. "मधली त्यांच्या लेकरांची," आबा म्हणायचे.

मडकं घ्यायला आले की आबा ते कानाशी धरायचे, बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे अन् म्हणायचे, "बोल गं बाई." मडकं टणकन बोललं तर काखेत. तसं वाजवून सगळेच घेतात. पण आबा सगळ्या बाजूंनी वाजवायचे, वैद्यानं छाती तपासावी तसे. एकदा त्यांनी माझं एक मडकं परत केलं. म्हणाले, "हिचा आवाज बसलाय." मी पावसाळाभर त्यांच्याशी बोललो नाही. मडकं चांगलंच होतं. आजही मी तेच म्हणतो. शेवटी पोळ्याच्या दिवशी आबाच माझ्या दारात येऊन म्हणाले, "मी हाय, मी. किती फुगशील? मडक्यापेक्षा तूच मोठा झालास." मला हसू आलं अन् भांडण तिथंच संपलं.

कांदा खाऊन कुणी परसात आलं तर आबा त्याला उभं करत नसत. एकदा तहसीलचे पेशकारसाहेब पोळी बघायला आले. आबांना उर्दूत बोलायची फार हौस, पण त्यांची उर्दू म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. "साब, आव, हिकडं आव. मक्खी काटती न्हाई, वळखती हाय. पर तुम प्याज खाके आया हाय, तो दूरसे वळखो." पेशकारसाहेब रागावतील म्हणून आम्ही घाबरलो. ते इतके हसले की त्यांची टोपी पडली.

गावाची बारव आबांनी सांभाळली. जांबच्या देवाला जाणारे लोक आमच्या वेशीतून जायचे अन् त्या बारवेवर पाणी प्यायचे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आबा घरोघर फिरायचे, "मी हाय, मी. उद्या गाळ." एवढंच. घरटी एक माणूस यायचा. चावडीच्या कागदात असलं काही नव्हतं, पण न येण्याची कुणाची छाती नव्हती. एका साली एका सावकारानं स्वतः न येता गडी धाडला. आबा भर बाजारात त्याला म्हणाले, "गडी आल्ता, बराबर. आता पाणीबी गड्यालाच पिऊ दे. तू कामून पितोस?" दुसऱ्या दिवशी सावकार धोतराचा काचा मारून गुडघाभर चिखलात उभा होता अन् आबा काठावरून सांगत होते, "हां, आता शोभतोस गावाला."

पण गावाला आबा ठाऊक ते दुसऱ्या एका गोष्टीनं. गावात कुणाच्याही घरी मूल जन्मलं की आबा मधाचं लोटकं घेऊन जायचे. हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, वेशीबाहेरच्या वस्तीतलं असो. बोट मधात बुडवून बाळाच्या जिभेवर टेकवायचे. मध विकायचा तो बाजारात. या मधाला मोल नाही. माझ्या दोन्ही लेकरांच्या जिभेवर त्यांचंच बोट टेकलं. उरलेला मध ते बाळंतिणीसाठी ठेवून जायचे.

आबांना एकच मुलगा, उतारवयात झालेला. त्याची आई तो रांगत असतानाच गेली. लोकांनी दुसरं लग्न सुचवलं तर म्हणाले, "घरात एक राणी गेली की माशा लगेच दुसरी करतेत. मी काय माशी हाय?" पोराला त्यांनीच वाढवलं. त्याची वेणीफणी, आंघोळ, पेज, सगळं. चावडीतल्या बैठकीला ते पोर खांद्यावर झोपलेलं असायचं, अन् आबा गावाच्या भल्याबुऱ्याचं बोलताना आवाज उतरवून बोलायचे. त्यामुळं समोरचेही हळू बोलायचे. तेवढी वर्षं आमच्या चावडीत कधी भांडण झालं नाही.

ते पोर मोठं होऊन निजामाविरुद्ध तिरंगा झेंडा लावणाऱ्यांत सामील झालं. गडबडीचे दिवस होते. त्याला पकडायला येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा शिमग्याच्या सुमारास तो चार जणांबरोबर निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात निघून गेला. त्याची बायको तेव्हा दोन जिवांची. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. सुईणीनं बजावलं होतं, हिला गाडीचे धक्के नकोत अन् मनालाही धक्का नको. म्हणून ती मागं राहिली, अन् तिच्यासाठी आबा राहिले. लोक म्हणाले, "आबा, तुम्हीबी चला." आबा म्हणाले, "बारव खांद्यावर घेऊन येऊ का?" सुनेचं नाव त्यांनी काढलं नाही.

भादव्यात हिंदुस्थानचं लष्कर आलं अन् निजामाचं राज्य गेलं. गेलेली माणसं परत यायला लागली. रोज एखादी गाडी वेशीत शिरायची अन् कुठल्यातरी घरात रडणं-हसणं उठायचं. आबांची सून दाराला टेकून उभी असायची. दसरा झाला तरी तो आला नाही.

मंग एका दुपारी आबा माझ्या दारात आले. खाकरले नाहीत. "मी हाय" म्हणाले नाहीत. ओट्यावरच्या मडक्यांतलं एक उचललं अन् काखेत धरून उभे राहिले.

मी चाकावरून बघत होतो. त्यांनी मडकं वाजवलं नाही.

तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. आमच्याकडं मर्तिकाचं मडकं वाजवून घेत नाहीत. त्याचा भाव करत नाहीत अन् त्याच्याशी बोलत नाहीत. नुसतं उचलतात. माझे हात चिखलातच थांबले.

"आबा," मी म्हटलं, "कोण?"

"आपलंच पोरगं," आबा म्हणाले. "तापानं गेलं. तिकडंच नदीकाठी जाळलं. संगतीचा आल्ता, मला बारवेवर गाठून सांगून गेला. त्याला म्हटलं, गावात कुठं बोलू नको."

मी उठायला गेलो तर म्हणाले, "रडू नको. तू रडलास तर तुझी बायको इचारंल. बायकोला कळलं की बारवेवर कळलं. बारवेवर कळलं की माझ्या घरी कळलं. तिचे दिवस भरलेत."

त्यांना घडा फोडायचा होता. भरलेला घडा एकट्याला पेलवणार नव्हता म्हणून मला बोलवायला आले होते. आम्ही नदीवर गेलो. माणसं शेतात होती, काठावर कुणी नव्हतं. चिता नव्हती. त्यांनी एक दगड मांडला. घडा त्यांच्या खांद्यावर अन् खालून आधाराला माझा हात, असे आम्ही त्या दगडाभोवती फिरलो. दर फेऱ्याला मी खड्यानं भोक पाडत होतो. माझ्याच हातचं मडकं, ते फोडायला मला इतका जोर कधी लागला नव्हता. पाणी त्यांच्या पाठीवरून वाहत होतं. घडा मागं टाकताना ते म्हणाले, "हे त्यानं माझं करायचं होतं."

त्या दिवसापासून आबांनी सुतक पाळलं, कुणाला न सांगता. अनवाणी फिरायचे. देवळापर्यंत जायचे अन् बाहेरूनच वळायचे. मधाच्या मडक्यांना हात लावला नाही. सुनेला सांगितलं, कंबर धरलीय. रोज सांजच्याला ती विचारायची, "मामंजी, आज गाडी आल्ती?" अन् ते म्हणायचे, "आल्ती. त्यात न्हवता." यात खोटं एक अक्षर नव्हतं, हे मला फार दिवसांनी उमगलं.

मी एकदा त्यांच्याशी वाद घातला. "आबा, सुतक पाळताय ते कुणाला ठाऊक हाय? कुणासाठी करून राह्यलात हे?"

"सुतक कळल्यापासून असतं," ते म्हणाले. "तिला कळलं न्हाई, तवर तिला न्हाई. मला कळलंय."

सुतकाचे तेच दिवस चालू असताना एका पहाटे तिला कळा लागल्या. उन्हं वर येईपर्यंत मुलगा झाला. सुईण हात पुसत बाहेर आली अन् ओरडली, "आबा, आणा मध! आज तर घरचाच!"

आळीतल्या बायका जमल्या होत्या. सगळ्या आबांकडं बघायला लागल्या. आबा ओट्यावरून उठले नाहीत.

"हात कापतो माझा," ते म्हणाले. "कुंभार चाटवंल."

"अहो, साऱ्या गावाला चाटवलात अन् नातवाच्या वेळी हात कापतो?" सुईण म्हणाली. "आत्तापर्यंत तर बराबर व्हता!" बायका हसल्या. आबाही हसल्यासारखे झाले. मंग मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "तुझ्या घरी असंल ना, तुझ्या धाकटीच्या वेळचा? तो आण. जल्दी जा. माझ्या घरचा नको."

मी पळत घरी गेलो. लोटक्याच्या तळाला घट्ट झालेला थोडा मध होता. तो घेऊन आलो, हात धुतले अन् त्या बाळाच्या जिभेवर बोट टेकवलं. त्यानं तोंड वाकडं केलं अन् मंग चोखायला लागलं. मी मान वर केली. आबा दाराबाहेरून बघत होते. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

खोलीतून सुनेचा आवाज आला. बारीक, थकलेला, पण त्यात आनंद होता. "मामंजी, त्यांना निरोप धाडा. म्हणावं, पोरगा झाला."

ओट्यावर बायका बोलतच होत्या. मीच आबांकडं बघत होतो.

"धाडतो, पोरी," आबा म्हणाले. "उद्याच धाडतो."

सुनेला त्यांनी पुढं कधी सांगितलं, कसं सांगितलं अन् त्या घरात मंग काय झालं, ते त्यांच्या घरचं. मी ते लिहिणार नाही. कुणी कितीही विचारलं तरी सांगितलेलं नाही. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, नातू त्यांच्याबरोबर बारवेचा गाळ काढायला उतरलेला त्यांनी पाहिला. आता ते नाहीत. परसातली भिंत गेली, मडकी गेली. मला मात्र ती दुसऱ्या दिवशीची सकाळच आठवते.

सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला रुमाल बांधला अन् अनवाणीच वेशीबाहेर गेले. मी भट्टीची राख काढत होतो. मला काळजी वाटली म्हणून मागं मागं गेलो. वऱ्हाडच्या रस्त्यावर मधोमध ते उभे राहिले. कापसाची एक गाडी आली. त्यांनी हात वर केला. गाडीवान परका होता.

"कुठं चाललास, बाबा?"

"वऱ्हाडात."

"मंग येवढा निरोप ने. आमचं पोरगं तिकडं हाय. त्याला सांग, पोरगा झाला. बाळंतीण बरी हाय म्हणावं."

"सांगतो की. कुठं गाठू त्याला?"

आबांनी पोराचं नाव सांगितलं, बापाचं म्हणून आपलं सांगितलं अन् पोरगं तिकडं होतं त्या गावाचं नाव सांगितलं. "गावात शिरू नको," ते म्हणाले. "अलीकडंच नदी लागंल. काठाला उभं राहून बोललास तरी चालंल."

गाडीवान काही विचारणार होता. मंग त्यानं आबांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. तो गाडीतून खाली उतरला, डोक्याचा पटका काढून हातात घेतला अन् म्हणाला, "सांगतो, आबा. बराबर सांगतो."