इस्त्री उभी करून ऐकायची गोष्ट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत, कडक मावशीचं इस्त्रीचं दुकान आहे. हे नाव तिच्या कपड्यांवरून पडलं की जिभेवरून, यावर गल्लीत दोन तट आहेत. कपडे म्हणाल, तर बाहीच्या कडेनं भाजी चिरावी. जीभ म्हणाल, तर तिचंही तेच.

खोली एवढीशी. मधोमध टेबल, त्यावर जाड कांबळं, कांबळ्यावर ताणून बांधलेली जुनी चादर. एका बाजूला आलेली गाठोडी, दुसऱ्या बाजूला तयार घड्या, आणि दोन ढिगांच्या मध्ये भिंतीला टेकून एक बुटकं स्टूल. ते स्टूल वाचणाऱ्याचं.

मावशीला वाचायला येतं, आणि आवड अशी की पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. पण दिवसभर डोळे कापडावर आणि हात इस्त्रीवर. म्हणून शाळांना सुट्टी लागली रे लागली की ती गल्लीतली पोरं धरते. कपड्यांचं गाठोडं घेऊन आलेलं पोर आयतंच सापडतं.

"बस. हात अडकलेत माझे, कान रिकामे आहेत. वाच."

"मावशी, सुट्टी आहे ना!"

"तुला आहे. मला कुठंय?"

पोर बसतं, मावशीनं वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडतं, कपडे होईस्तोवर वाचतं. घरी जाताना पुढं काय झालं असेल याचा भुंगा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरातून आणखी चार कपडे येतात. त्यातले दोन धुतलेलेही नसतात. एकदा वरच्या मजल्यावरची एक आई कौतुकानं म्हणाली, "किती करता हो मुलांसाठी!" मावशीनं कॉलर उलटली. "मुलांसाठी कोण करतंय? मला फुकटात गोष्ट मिळते."

यंदा सुट्टी लागली आणि मावशीची लेक तिच्या पोरीला घेऊन दारात उभी राहिली. लेक इस्पितळात नर्स, सुट्टी तिला कुठली? पोरीचं नाव भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ.

"आई, हिला तुझ्याकडे ठेवते. शिकलेलं सगळं मागच्या सुट्टीत धुऊन निघालं बघ. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, शाळा उघडली की एक पान वाचून दाखवायचं. नाही जमलं तर परत खालच्या वर्गात, लहान पोरांबरोबर."

"धुऊन निघालंय ना? मग इस्त्रीलाच टाकायचं. ठेव इथं."

भिंगरी आईच्या मागं लपून म्हणाली, "आजी, मला वाचता येत नाही. सगळे हसतात."

"इथं हसायला वेळ कुणाला आहे? बस स्टुलावर."

पहिले काही दिवस म्हणजे नुसतं भिजत घोंगडं. भिंगरी बोट ठेवायची, अक्षर अक्षर जोडायची, मध्येच अडायची. मावशी शब्द पुरवायची नाही. अडली की ती कपड्यावर पाणी शिंपडायची, बटणांभोवती इस्त्री फिरवायची. म्हणजे वेळ जायचा आणि तो आपल्यासाठी चाललाय असं पोरीला वाटायचं नाही. चुकलं तरी मावशी गप्प. ओळ पुढं जुळली नाही की भिंगरीच कपाळाला आठी घालायची, मागं जायची, परत वाचायची. हळूहळू बूड स्टुलावर टिकायला लागलं.

गोष्ट होती एका नावाड्याच्या मुलीची. बाप काठावर उतरलेला, मुलगी एकटी नावेत, नदीला लोंढा आलेला, आणि नाव एका जुन्या दोरीनं खुंट्याला बांधलेली. त्या दिवशी टेबलावर होता दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट. भिंगरी वाचत होती, "दोरीचा एक एक पी... पीळ उल... उलगडत होता. मुलीनं हात पुढं केला, आणि दोरी... दोरी..."

पुढचा शब्द अनोळखी. भिंगरी अडली. ओठ हलले, बोट थांबलं.

मावशीही थांबली. तिचा श्वास थांबला, हात थांबला, आणि हाताखालची इस्त्रीही थांबली.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. कोटाच्या छातीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उठला होता. मावशीच्या हातून कपडा जळणं म्हणजे माशाला पोहता न येणं. भिंगरीनं डाग पाहिला, पुस्तक मिटलं आणि ती टेबलाखाली जाऊन बसली.

"मी नाही वाचणार आता. कधीच नाही. माझ्यामुळं जळला."

मावशीनं गोड बोलून पाहिलं, जे तिला फारसं जमत नाही. दरडावून पाहिलं, जे उत्तम जमतं. पोर ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शाळा तोंडावर आलेली. बसलेलं बूड परत उठलं, तर ही पोरगी लहान पोरांच्या रांगेत जाणार, आणि मग पुस्तकाला जन्मात हात लावणार नाही, हे मावशीला लख्ख दिसत होतं.

शेवटी तिनं कोट उचलला, पुस्तक काखेत मारलं आणि टेबलाखाली वाकली.

"खरंय तुझं. तुझ्यामुळंच जळला. चल, डॉक्टरांना सांगून येऊ."

सगळे 'तुझी चूक नाही गं' म्हणतील अशी भिंगरीची खात्री होती. हे ऐकून ती इतकी चकित झाली की मुकाट्यानं बाहेर आली.

दवाखाना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. बाकावर गाल धरून बसलेली तीन माणसं, आतल्या खुर्चीत तोंड उघडं ठेवलेला एक जाडा दुकानदार, आणि दार सताड उघडं. डॉक्टरांनी कोट पाहिला.

"मावशी? तुमच्याकडून?"

"माझ्याकडून नाही, हिच्याकडून. ही माझी नात. गल्लीतली झाडून सगळी पोरं मला वाचून दाखवतात. घडाघडा वाचतात. पण एकाच्याही वाचण्यानं माझा हात थांबला नाही. हिनं थांबवला. कसा, ते तुम्हीच ऐका. वाच गं."

भिंगरीनं आजीकडं पाहिलं. आजी चेष्टा करत नव्हती. पोरीनं पान शोधलं, बोट ठेवलं. गाल सुजलेल्या माणसांपैकी एक हसला, पण दुखलं म्हणून लगेच गप्प झाला.

"दोरीचा एक एक पीळ उलगडत होता. मुलीनं हात पुढं केला, आणि दोरी..."

परत तोच शब्द. भिंगरी थांबली. डॉक्टर हातातला छोटा आरसा तसाच धरून उभे. आतून, उघड्या तोंडातूनच, दुकानदाराचा आवाज आला, "फुऽऽ? फुऽऽ काय हालं?"

"निस... निसटली!" भिंगरी ओरडली.

"अरे देवा!" बाकावरची बाई म्हणाली.

मग भिंगरी थांबलीच नाही. म्हणजे थांबत होती, दर ओळीला थांबत होती. पण आता खाली मान घालून नाही. अडली की समोरच्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि ती सगळी तोंडं तिच्याकडे. मुलगी काठाला लागेपर्यंत दुकानदाराचा दात तसाच राहिला.

"कोटाचं काय करायचं?" डॉक्टरांनी नंतर विचारलं.

"डागावर खिसा लावून देते. मोठा. पुस्तक मावेल असा."

शाळा उघडली त्या दिवशी लेकीचा फोन आला. मावशीनं तो खांद्यानं कानाशी दाबला.

"आई, वाचलं गं! अडखळली, पण पान पूर्ण केलं. बाईंनी बसवलं वरच्या वर्गात. म्हणाल्या, ही मध्येच थांबली की अख्खा वर्ग हिच्या तोंडाकडे बघतो, कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? तिला म्हणावं, दुसरं पुस्तक आणून ठेवलंय. रविवारी ये. एकटीनं वाचून पुढचं जाणून घेणार नाही मी."

आता दुकानात एक नवीन नेम आहे. गोष्टीत दोरी सुटायला आली की मावशी आधी इस्त्री उभी करते, मग ऐकते. कपडे उशिरा मिळतात. कुणी तक्रार केली, तर ती बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवते, "घाई असेल तर बसा, तुम्हीच पुढचं वाचा."