माझ्या बायकोची साक्ष

आमच्या प्रार्थनासभेच्या भाऊंनी माझ्या बायकोला फसवलं आणि बायकोनं मला फसवलं. बायकोला मी माफ केलंय. भाऊंना नाही.

मी खव्याचा व्यापारी. भूमकडच्या भट्ट्यांवरून खवा उचलायचा, धाराशिवला आणायचा आणि तिथून बाहेरगावी पाठवायचा, हे माझं काम. सुरुवात केली ती सायकलला दुधाचे कॅन बांधून. बापानं मला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं. खव्याचा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळला की त्यात मैदा मिसळलाय का, तेल घातलंय का, आजचा आहे की परवाचा, हे मला तिथल्या तिथं कळतं. मला येताना बघून भट्टीवाले एकमेकांना म्हणतात, "आला बाबा, आता दूध बी नासंल ह्याच्या तोंडानं." भांडल्याशिवाय माझा आठवडा जात नसे. मला अजून कुणी गंडवलेलं नाही, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगायचो.

बायको मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईची मुलगी. तिच्या आईची अट होती, आधी बाप्तिस्मा, मग लग्न. मी हो म्हणालो, कारण मला मुलगी पसंत होती आणि सौदा परवडणारा होता. पाण्यात बुडून वर आलो तेव्हा माझ्या मनात देव नव्हता, हे आज लिहायला लाज वाटत नाही. देव पुढं आला, आणि तो तिच्यामुळं.

एका दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, भट्ट्या थंड पडल्या. मी घरी बसून भिंतीवर ओरडायचो. ती रोज सकाळी चुलीपुढंच गुडघे टेकायची आणि फक्त त्या दिवसापुरतं मागायची. एकदा मी म्हणालो, "अगं, मागायलाच बसलीस तर पुढच्या महिन्याचं बी सांगून टाक की."

"देवासंगं तरी घासाघीस करू नका," ती म्हणाली. "आजचं मागायचं. उद्या मी हायच की परत त्याच्या दारात."

त्या उन्हाळ्यात मी पाण्याच्या टँकरवर नळी धरायचं काम केलं. मी, ज्याच्या नावानं भट्टीवाले दचकायचे! पण खरंच एकेक दिवस निघत गेला. कधी कुणी ज्वारी आणून दिली, कधी टँकरवाल्यानं जादा खेप दिली. पाऊस पडून दूध परत सुरू झालं, तोवर मीही तिच्या शेजारी गुडघे टेकायला लागलो होतो. तोंडातल्या शिव्या लगेच गेल्या नाहीत. ती म्हणायची, भांडायच्या आधी मनात प्रभूचं नाव घ्या. मी म्हणायचो, घेतो, पण तेवढ्यात समोरचा भाव वाढवतो. ती तोंडाला पदर लावून हसायची.

चार वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरनं दोन गोळ्या सांगितल्या, सकाळ-संध्याकाळ. महिन्याच्या गोळ्या मी चौकातल्या मेडिकलमधून स्वतः आणायचो.

आमची मंडळी लहान, पत्र्याच्या हॉलमध्ये जमते. शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. प्रार्थना घेतात त्यांना सगळे भाऊच म्हणतात. गोड गळा आहे, बोलणं खणखणीत. आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. गेल्या थंडीत भाऊंनी माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि दोन दिवसांनी तिनं रक्त तपासलं तर साखर बरोबर निघाली. चार वर्षं गोळ्या खाणाऱ्याची साखर बरोबर निघणारच. पण भाऊ म्हणाले, "बहिणी, हे बरेपण आहे. शुक्रवारी साक्ष दे."

मला त्यांनी निरोप दिला, तुमच्याकडचा चांगला खवा पाठवा, उपवास सोडायला गुलाबजाम करू. मी त्या दिवशीचा सगळ्यात ताजा खवा निवडून पाठवला.

शुक्रवारी मी दाराजवळ बसलो होतो. ती उभी राहिली आणि म्हणाली, प्रभूनं मला बरं केलं. भाऊंनी वाटी पुढं केली.

"विश्वास आहे ना, बहिणी?"

"हाय."

"मग खा."

तिनं गुलाबजाम खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझी बायको पुढं उभी होती, मंडळी तिच्याकडं बघत होती आणि माझी मान ताठ झाली होती. हे मी लपवणार नाही.

घरी येताना मी विचारलं, "गोळ्यांचं काय मग?"

ती म्हणाली, "तुमी आणताव तशा आणा."

भट्टीवाल्यानं मला असं उत्तर दिलं असतं तर मी तिथंच त्याची गचांडी धरली असती. आणा म्हणाली, खाते म्हणाली नाही. ती खोटं बोलत नसे, म्हणूनच तिनं असं उत्तर दिलं. आणि खव्यातला चिमूटभर मैदा ओळखणाऱ्या मला ते ऐकू आलं नाही.

पाडव्यानंतर ती वाळायला लागली. तांब्यावर तांबे पाणी प्यायची. "ऊन किती वाढलंय," म्हणायची, आणि ऊन होतंच. मग पायात मोजे घालायला लागली, ऐन उन्हाळ्यात. विचारलं तर म्हणाली, "टाचंला भेगा पडल्यात." भेगाही होत्याच. एके सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. अंग तापलेलं. मी मोजा काढला. टाच काळी पडली होती आणि त्या वासानं मला भिंत धरावी लागली.

सोलापूरला नेलं. तामलवाडीच्या पुढं गेल्यावर गाडीतच तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "भट्टीवर सांगितलंय न्हवं, आज येत न्हाय म्हणून?" तिला माझ्या खव्याची काळजी.

डॉक्टरनं विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का. मी त्याच्यावर ओरडलो. "मी माझ्या हातानं आणतो! दर महिन्याला!" तो शांतपणे म्हणाला, गोळ्या चालू असत्या तर रक्त असं आलं नसतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं: माल नकली. आयुष्यभर भेसळ पकडलेला माणूस दुसरं काय समजणार? माझ्या बहिणीला तिच्याजवळ बसवलं, एसटीनं धाराशिव गाठलं आणि भर चौकात मेडिकलवाल्याची कॉलर धरली.

"खडूच्या गोळ्या विकतो व्हय रे? माझी बायको मारली तू!"

तो माझ्याच वयाचा. पाकीट माझ्यापुढं धरून म्हणाला, "शेठ, पाकीट बघा. माझ्या आईला बी ह्याच देतो." लोक जमले. कुणीतरी माझा हात सोडवला. जाताना मी त्याच्या काउंटरवरच्या बरण्या खाली ढकलल्या.

परत सोलापूरला जाऊन मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. 

"त्यांचा काय दोष न्हाय," ती म्हणाली. "मी गोळ्या घेतच नव्हते. साक्ष दिल्यापासनं."

"मी आणलेल्या गेल्या कुठं?"

"शेजारच्या अज्जीला देत होते. तिला बी साखरच हाय. वाया कशाला घालवायच्या?"

 तीच पुढं बोलत राहिली, एकेक शब्द थांबून. "सगळ्यांम्होरं प्रभूचं नाव घेऊन म्हणले, बरी झाले. मग गोळी खाल्ली तर ती साक्ष खोटी न्हाय का व्हायची? भाऊंना इचारलं होतं. ते म्हणले, गोळी खाशील तर देवाला खोटं पाडशील."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी भाऊंना मारलं असतं."

"मारलंच असतं!"

"बघा," ती म्हणाली आणि थोडंसं हसली.

हे वाक्य मला रोज खातं. माझ्या रागाला भिऊन ती गप्प राहिली. भाऊंनी तिला खड्ड्यापर्यंत नेलं आणि तिथून हाक मारायला तिला माझी भीती वाटली. मी तिच्यावर हात टाकला नाही कधी, पण माझ्या आवाजानं घरातलं खरं बोलणं बंद पाडलं होतं, आणि मला वाटत होतं की मी सुधारलोय.

तिनं माझ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. मेडिकलवाल्याची माफी मागायची, आणि भाऊंवर हात उचलायचा नाही. मी दोन्हीला हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी त्या काउंटरपुढं हात जोडून उभा राहिलो. आयुष्यात कधी कुणापुढं जोडले नव्हते. तो बाहेर आला, मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "वहिनी कशा हायत?" मी पेला ठेवला आणि एसटी गाठली. परत गेलो तोवर तिचा पाय काढला होता. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, मागितली माफी. तिनं माझं बोट दाबलं. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही.

मातीच्या वेळी भाऊ बोलायला उभे राहिले. म्हणाले, प्रभूनं बरं केलं होतं, पण आपल्या बहिणीचा विश्वास शेवटपर्यंत टिकला नाही. मी मुठी वळल्या. वचन दिलं होतं म्हणून हात खालीच ठेवले.

शेजारची अज्जी आता विचारते, "बाळा, गोळ्या कोण देणार मला?" तिला डॉक्टरकडं नेलं. तिच्या चिठ्ठीवर मी त्याच मेडिकलमधून गोळ्या आणतो आणि माझ्यासमोर खायला लावतो.

मला लोक विचारतात, आता तरी सोडलं का देवाला? नाही. सकाळी चुलीपुढं एकटा गुडघे टेकतो. आधी रडतो, मग आजच्यापुरतं मागतो. काही दिवस तेवढंही जमत नाही, नुसता बसून राहतो. देवानं तिला गोळ्या सोड म्हणून सांगितलं नव्हतं. गोळी कडू असो, डॉक्टर हिंदू असो की मुसलमान, त्यातही देवाचाच हात असतो, हे तिची आई दवाखान्याच्या चुलीजवळ बसून आयुष्यभर सांगत आली होती. ज्यानं देवाचं नाव घेऊन उलटं सांगितलं तो माणूस होता, आणि तो दर शुक्रवारी तिथंच उभा असतो.

गेल्या शुक्रवारी भाऊंनी एका शिंप्याच्या बायकोला पुढं बोलावलं. तिला फिट येतात, बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांत फिट आली नाही म्हणून भाऊ म्हणाले, "बहिणी, पुढच्या शुक्रवारी साक्ष दे."

मी उठलो. आधी मनात प्रभूचं नाव घेतलं, खरंच घेतलं, आणि तरीही आवाज चढलाच. "बाई, गोळी सोडू नको! माझी अशीच गेली!"

दोघांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. "दुःखात हाय बिचारा," एक जण म्हणाला. दारातून वळून बघितलं तर ती बाई उभीच होती. धड बसत नव्हती, धड पुढं जात नव्हती.

हात उचलणार नाही असं मी म्हणालो होतो. तोंड उघडणार नाही असं म्हणालो नव्हतो. सौद्यातले शब्द मी नीट ऐकतो, एकदाच चुकलो.

म्हणून भाऊ, हे तुमच्यासाठी लिहिलंय आणि मंडळीतल्या प्रत्येकाच्या हातात देणार आहे. त्या बाईला उभं करायच्या आधी तुम्ही उभे राहा. माझ्या बायकोला गोळी खायची नाही असं तुम्ही सांगितलंत की नाही, ते सगळ्यांसमोर बोला. तिचा विश्वास कमी पडला म्हणालात, तर कुठं कमी पडला ते दाखवा. तुमच्या शब्दाखातर तिनं पाय दिला, जीव दिला, आणि माझ्या हातून तुम्हाला मार बसू नये म्हणून मरता मरता मला बांधून ठेवलं. तुम्ही तिच्यासाठी काय केलंत? शुक्रवारी मी दाराजवळच बसणार आहे. उत्तर द्या.